पाना, पक्कड, कानस : देशी घ्यावे की परदेशी?

हत्यारांची पेटी नव्याने जमवणारा माणूस पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर दुकानाच्या काउंटरशी उभा राहिला, की थोड्याच वेळात गोंधळतो. समोर दोन पकडी ठेवलेल्या असतात. एक देशी, तीन-चारशे रुपयांची, आणि दुसरी जर्मन, दोन-तीन हजारांच्या घरातली. दिसायला दोन्ही जवळजवळ सारख्या असतात आणि दुकानदार दोन्हींची सारखीच स्तुती करत असतो. यंत्रांच्या देखभालीच्या कामात अनेक वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हा निर्णय सबंध पेटीसाठी एकदाच घेता येत नाही. तो एकेका हत्यारासाठी वेगळा घ्यावा लागतो आणि तो घेताना त्या हत्याराचा नेमका कोणता भाग काम करतो, हे पाहावे लागते. जिथे काम घडीव पोलादाच्या ताकदीवर निभते, तिथे देशी हत्यार निःशंक मनाने घ्यावे. जिथे सगळी भिस्त बारीक धारेवर, टोकाच्या अचूक मापावर किंवा विजेपासूनच्या संरक्षणावर असते, तिथे मात्र देशाचे नाव बाजूला ठेवून मिळेल त्यातले उत्तम घ्यावे. पुढचे विवेचन हाताने वापरायच्या हत्यारांपुरतेच आहे. विजेवर चालणाऱ्या यंत्रांचा विचार येथे केलेला नाही.

पहिली पायरी : आधी काम लिहा

खरेदीला निघण्यापूर्वी मागच्या दोन-तीन महिन्यांत स्वतःच्या हाताने काय काय दुरुस्त केले किंवा करावेसे वाटले, ते कागदावर लिहून काढावे. नळाची गळती, दाराचे बिजागर, स्कूटरचा ब्रेक, सैल झालेला स्विच, सायकलची चेन, जे असेल ते. प्रत्येक कामापुढे ते किती वेळा करावे लागते, हे लिहावे. महिन्यातून दोनदा तार कापणारा गृहस्थ आणि दिवसाकाठी शेकडो वेळा तार कापणारा वायरमन यांना एकच पक्कड सुचवणे चुकीचे आहे. पहिल्याला हत्याराची किंमत महत्त्वाची, तर दुसऱ्याला संध्याकाळी मनगट दुखते की नाही हे महत्त्वाचे.

याच यादीत आणखी एक रकाना असावा: हत्यार कुठे वापरले जाणार? बांधकामाच्या जागेवर, विहिरीवर, शेतातल्या पंपावर किंवा चार जणांच्या हातातून फिरणारे हत्यार हरवण्याची शक्यता मोठी असते. अशा ठिकाणी महागडे परदेशी हत्यार नेणे म्हणजे जिवाला घोर लावून घेणे आहे, आणि हरवेल या भीतीने ते पेटीतच राहिले तर घेतल्याचा काही उपयोगही नाही.

दुसरी पायरी : हत्यार कशामुळे चांगले होते, ते समजून घ्या

हत्याराचा दर्जा तीन टप्प्यांवर ठरतो. पहिला टप्पा घडाईचा. लाल तापलेला पोलादाचा तुकडा साच्यात ठेवून त्यावर यांत्रिक घण पाडतात, यालाच ड्रॉप फोर्जिंग म्हणतात. या कामात आपला देश कोणाच्या मागे नाही. पंजाबात जालंधर आणि लुधियाना, राजस्थानात नागौर ही हातअवजारांची मोठी केंद्रे आहेत. जालंधरचा माल परदेशात मोठ्या प्रमाणावर जातो आणि परदेशी कंपन्यांच्या नावाने विकली जाणारी हत्यारेही तिथे घडतात. आपल्याकडे नाशिकमध्ये तापडिया टूल्सचा कारखाना आहे. या कंपनीने १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातअवजारांचे उत्पादन सुरू केले. गावोगावच्या वायरमनच्या कमरेला जी पक्कड दिसते, तिच्या घडणीत परदेशी विद्या अशी पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच मुरलेली आहे.

दुसरा टप्पा उष्णोपचाराचा, म्हणजे पोलाद तापवून, विझवून आणि पुन्हा मंद तापवून त्याला हवा तेवढा कडकपणा देण्याचा. हा कडकपणा रॉकवेल सी या मापात मोजतात. बोल्ट फिरवायचा पाना साधारण चाळिशीच्या घरात असावा लागतो, पकडीची कापणारी धार साठच्या आसपास आणि कानस त्याहूनही वर. पाना साठपर्यंत कडक केला, तर तो जोर लावताच काचेसारखा तुटेल. उलट पकडीची धार चाळिशीत राहिली, तर पहिल्याच पोलादी तारेने तिला खाच पडेल. पकडीत तर धार कडक आणि दांडे लवचिक, असे दोन स्वभाव एकाच तुकड्यात उतरवावे लागतात. स्वस्त माल नेमका येथे फसतो. म्हणूनच दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ अशी मिश्र पोलादाच्या जातीची अक्षरे कोरलेली पाहून लगेच विश्वास टाकू नये, कारण पोलाद चांगले असूनही उष्णोपचार बिघडला असेल, तर ते हत्यार वायाच गेलेले असते.

तिसरा टप्पा शेवटच्या घासकामाचा आणि मापाचा. जर्मन आणि जपानी हत्यारांची जास्त किंमत मुख्यतः या दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यांची असते.

तिसरी पायरी : पाकिटामागचा मजकूर वाचा

वैधमापनशास्त्र कायद्याखालील आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पाकीटबंद मालावर उत्पादकाचे, पॅक करणाऱ्याचे किंवा आयातदाराचे नाव व पत्ता, कमाल किरकोळ किंमत, महिना-वर्ष आणि ग्राहक तक्रारीसाठीचा संपर्क छापणे आवश्यक आहे. आयात मालावर तो कोणत्या देशात बनला, हेही लिहावे लागते. हा मजकूर वाचल्यावर अनेकांच्या समजुतीला धक्का बसतो. अमेरिकन वाटणाऱ्या नावाचा हातोडा भारतात बनलेला असतो, तर अस्सल भारतीय वाटणाऱ्या नावाखाली चीनमधून आणलेला सॉकेटचा संच असतो. नावाचा देश आणि बनल्याचा देश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला दुसरीशी कर्तव्य आहे. ऑनलाइन खरेदीतही उत्पादनाचा मूळ देश दाखवणे बंधनकारक आहे, तेव्हा तो शोधूनच पुढे जावे. ज्या पाकिटावर कोणाचाच पत्ता नाही, ते हत्यार कितीही चमकत असले तरी परत ठेवावे.

देशी मालावर भारतीय मानकाचा क्रमांक दिसतो का, तेही पाहावे. पकडीसाठी आयएस ३६५०, रिंग (बंद तोंडाच्या) पान्यासाठी आयएस २०२९, फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्यासाठी आयएस २०२८, स्क्रू ड्रायव्हरसाठी आयएस ८४४ आणि हातोड्यांसाठी आयएस ८४१ ही मानके आहेत. आयएसआय चिन्ह असेल, तर त्यासोबत परवान्याचा क्रमांक असतो आणि तो मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर दुकानात उभ्या उभ्या पडताळता येतो.

चौथी पायरी : एकेका हत्याराचा निर्णय

पाने. येथे मी ठामपणे देशी मालाच्या बाजूने आहे. पान्याचे काम जवळजवळ सगळे घडाईच्या ताकदीवर चालते. माझा पहिला संच मात्र फसला होता, तो देशी होता म्हणून नव्हे, तर निनावी होता म्हणून. आरशासारखा चमकणारा, बारा नगांचा, कोणत्याही पत्त्याशिवायचा तो संच मी हौसेने आणला आणि दुसऱ्याच आठवड्यात १३ चा पाना लागणाऱ्या गंजलेल्या बोल्टवर जोर लावताना पान्याचा जबडा फाकला. बोल्टचे कोपरे गेले, तो छिन्नीने तोडून काढावा लागला आणि पान्याचे तोंड पुन्हा कधीही जुळले नाही. त्यानंतर घेतलेले नामांकित देशी रिंग पाने आजही रोज वापरात आहेत. घरच्या आणि दुचाकीच्या कामाला ८ पासून १९ मिलिमीटरपर्यंतचे, एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला रिंग असलेले पाने पुरतात. घट्ट बसलेला बोल्ट नेहमी रिंगच्या बाजूनेच सोडवावा.

गोटी पाने, म्हणजे सॉकेट, घेताना आतून सहा कोन असलेले घ्यावेत. बारा कोनांचे सॉकेट झिजलेल्या बोल्टवर घसरतात. रॅचेटच्या, म्हणजे सॉकेट फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या, दांड्याबाबत माझे मत थोडे वेगळे आहे. २४ दात्यांचा रॅचेट एका दात्यासाठी १५ अंश फिरवावा लागतो, ७२ दात्यांचा केवळ ५ अंश. इंजिनाच्या अडचणीच्या कोपऱ्यात हा फरक मोठा असतो, आणि बारीक दात्यांचे, टिकणारे रॅचेट तैवानमधून योग्य किमतीत येतात.

पकडी. घरात एक आठ इंची देशी पक्कड असावी आणि तिच्याकडून रास्त अपेक्षा ठेवाव्यात: धरणे, वाकवणे, पीळ देणे आणि तांब्याची तार कापणे. रोज तार कापणाऱ्याने मात्र साइड कटर परदेशी घेतला, तर तो खर्च वसूल होतो. नळाच्या कामाच्या वॉटर पंप प्लायरमध्ये फरक सर्वांत स्पष्ट जाणवतो. जर्मनीच्या वुपर्टाल येथे १८८२ साली सुरू झालेल्या क्निपेक्स या कंपनीचा ‘कोब्रा’ पाइपावर बसला, की दाबाबरोबर अधिकच आवळतो आणि मूठ घट्ट दाबून धरावी लागत नाही. साध्या खाचांचा प्लायर ओल्या हातात सटकतो आणि बोटे भिंतीवर आपटतात. प्लंबिंगचे काम करणाऱ्याला मी पहिले परदेशी हत्यार म्हणून हेच सुचवतो.

विजेच्या कामाची पक्कड हा वेगळाच विषय आहे आणि येथे किंमत हा निकष धरू नये. मुठीवर जाड प्लास्टिक आहे, एवढ्यावरून ती विद्युतरोधक ठरत नाही. दोन त्रिकोणांचे चिन्ह, १००० व्होल्ट हा आकडा आणि आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख हत्यारावरच कोरलेला किंवा छापलेला असला पाहिजे. या मानकानुसार हत्यार १०,००० व्होल्टला तपासले जाते. ही खूण असलेले हत्यार देशी असो वा परदेशी, ते चालेल. खूण नसलेले कोणतेही चालणार नाही. खूण असली, तरीही वीजपुरवठा बंद करूनच काम करावे आणि मुठीला चीर दिसताच पक्कड विजेच्या कामातून काढून टाकावी.

स्क्रू ड्रायव्हर. जपानी तंत्रज्ञानाच्या दुचाकीवर ब्रेक ऑइलच्या टाकीचे झाकण दोन फुलीच्या स्क्रूंनी बसवलेले असते. मी नेहमीच्या फुलीच्या ड्रायव्हरने ते उघडायला गेलो आणि दोन्ही स्क्रूंची तोंडे खरवडून बसलो. माझा समज असा झाला की स्क्रू मऊ आहेत. प्रत्यक्षात अशा जुन्या जपानी स्क्रूंची फुली जपानी औद्योगिक मानकाची असते. तिच्यावर बहुधा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका असतो. आपल्या नेहमीच्या फिलिप्स ड्रायव्हरचे टोक या फुलीत तळापर्यंत बसत नाही, म्हणून ते जोर लावताच उसळून बाहेर येते. जपानी मापाचा ड्रायव्हर, उदाहरणार्थ ओसाकाच्या व्हेसल कंपनीचा, त्यात खोल रुतून बसतो आणि साध्या फिलिप्स स्क्रूलाही चालतो. दुचाकी, शिवणयंत्र किंवा कॅमेरा हाताळणाऱ्याने क्रमांक १ आणि २ असे दोन जपानी ड्रायव्हर घ्यावेत. चपट्या टोकाचे आणि घरगुती वापराचे बाकीचे ड्रायव्हर देशी घ्यायला काहीच हरकत नाही.

कानस. कानशीसाठी परदेशाकडे पाहण्याचे सहसा कारण नाही. जेके फाइल्स ही कानशी बनवणारी जगातल्या आघाडीच्या कंपन्यांपैकी एक आहे आणि तिचे कारखाने आपल्या कोकणात, रत्नागिरी आणि चिपळूण येथे, आहेत. अपवाद सोन्या-चांदीच्या कामाचा. हुपरीच्या चांदी कारागिराला लागणाऱ्या अतिबारीक सुईकानशी स्वित्झर्लंडच्या व्हालोर्ब येथून येतात, आणि दागिन्यावर त्यांनी सोडलेला पृष्ठभाग पाहिला की त्यांची किंमत समजते. नवी कानस आधी पितळेवर वापरून मग लोखंडावर घ्यावी आणि मागे ओढताना ती उचलावी. एवढी काळजी घेतली तरी तिचे आयुष्य पुष्कळ वाढते.

पटाशी. जपानी पटाशीत कडक पोलादाचा पातळ थर मऊ लोखंडाला जोडलेला असतो. तिची धार दिवसभर टिकते आणि सागवानात ती लोण्यासारखी चालते. परंतु बाभळीच्या गाठीत तीच धार तुकडे होऊन उडते, आणि पटाशीने उचकटण्याची आपली सवय तर तिला मुळीच सोसत नाही. दाराच्या चौकटी बसवणाऱ्या सुताराने देशी पटाशी घ्यावी, तिची पाठ दगडावर घासून आधी सपाट करावी आणि मगच धार लावावी. ही पाठ सपाट करण्याचे काम कारखान्याने आपल्यावर सोडलेले असते. ते न करता बहुतेक जण देशी पटाशीला नावे ठेवतात.

हातोडा, घण, पहार, कुदळ, कोयता यांच्यासाठी आयातीचा विचारच करू नये. मोटारीच्या जुन्या कमानपाट्यापासून गावच्या लोहाराने घडवलेला कोयता आपल्या उसाला आणि आपल्या हाताला जसा बसतो, तसा कोणताही बाहेरचा बसत नाही. शिवाय तो बोथट झाला की त्याच ऐरणीवर पुन्हा शेवटला, म्हणजे तापवून-ठोकून धारदार केला, जातो.

मापनाची साधने. मोजपट्टी देशी घ्यावी, मात्र तिच्या सुरुवातीला रोमन आकड्यात छापलेला अचूकतेचा वर्ग पाहावा. दुसऱ्या वर्गाच्या पट्टीत पाच मीटरला १.३ मिलिमीटरपर्यंत, तर पहिल्या वर्गात ०.६ मिलिमीटरपर्यंत फरक मान्य असतो. व्हर्नियर, म्हणजे जाडी-व्यास मोजायचे सरकत्या जबड्यांचे मापक, घेताना जपानी मित्सुतोयोचे नाव सगळे घेतात आणि ते योग्यही आहे, परंतु त्या नावाची नक्कल बाजारात फार आहे. अधिकृत विक्रेत्याचे बिल मिळणार नसेल, तर पुण्याच्या बेकर गेजेससारख्या देशी कंपनीचे साधन खात्रीने घेतलेले अधिक बरे.

पाचवी पायरी : काउंटरवरची तपासणी

दुकानात जाताना खिशात चार वस्तू न्याव्यात: ६ आणि ८ मिलिमीटर जाडीचे दोन नवे बोल्ट, तांब्याच्या बारीक तारेचा तुकडा, एक फुलीचा स्क्रू आणि वर्तमानपत्राचा कागद. ६ च्या बोल्टला १० चा पाना लागतो आणि ८ च्या बोल्टला १३ चा. पाना बोल्टच्या डोक्यावर बसवून डावी-उजवीकडे हलवावा. किंचित खेळ असणारच, पण पाना लक्षात येण्याइतका डुलत असेल, तर तो जोर पडल्यावर कोपरे खाणार हे नक्की समजावे.

पक्कड बंद करून दिव्यासमोर धरावी. कापणाऱ्या धारांमधून उजेड दिसता कामा नये. चपट्या जबड्याची टोके आधी टेकून मागे केसभर फट राहिली, तर तो दोष नसून उलट चांगले लक्षण आहे, कारण दाब पडला की ती फट मिटते. मग तांब्याच्या तारेचा एकच पदर धारेच्या अगदी टोकाशी धरून कापावा. पदर वाकून धारांच्या मध्ये अडकला, तर धार जुळलेली नाही. साइड कटरने वर्तमानपत्राचा कागद स्वच्छ कापला गेला पाहिजे. सांधा एका हाताने सहज उघडावा, पण दांडे आडवे हलवले असता त्यात खळखळ नसावी. मी एकाच खोक्यातल्या पाच-सहा पकडी अशा तपासून त्यातली एक उचलतो, आणि देशी मालात ही निवड करणे विशेष गरजेचे असते, कारण त्यात नगानगात फरक पडतो. जर्मन पक्कड घेताना हा त्रास सहसा पडत नाही. जास्तीच्या किमतीचा काही भाग या एकसारखेपणाचाच असतो.

स्क्रू ड्रायव्हर काचेच्या काउंटरवर लोळवावा. दांडी वाकडी असेल तर टोक नाचताना दिसते. फुलीच्या टोकावर स्क्रू बसवून ड्रायव्हर आडवा धरावा. टोकाला चुंबक नसताना स्क्रू तसाच टिकला, तर माप उत्तम आहे. गुण्या तपासण्यासाठी त्याने कागदावर एक रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच जागी दुसरी मारावी. दोन रेघा एकमेकींवर पडल्या नाहीत, तर तो गुण्या काटकोनात नाही. व्हर्नियरचे जबडे मिटून उजेडासमोर धरावेत आणि शून्यावर शून्य येते का, ते पाहावे. चकाकीच्या थराला फोड किंवा पापुद्रा असेल, तर तो पुढे हात कापतो.

सहावी पायरी : किमतीचा हिशेब

छापील किंमत म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. रोज काम करणाऱ्या वायरमनने अडीच हजारांचा साइड कटर घेतला आणि तो पाच वर्षे चालला, तर वर्षाला पाचशे रुपये पडतात. तेवढ्यात देशी कटर दरवर्षी नवा घेता येतो, हेही खरे. तरीही बोथट होत जाणाऱ्या धारेवर महिनोन्‌महिने लावलेला जास्तीचा जोर या हिशेबात येत नाही, आणि तो मनगटाला सोसावा लागतो. गृहस्थाच्या हातात साडेतीनशेची पक्कड वीस वर्षे टिकू शकते, त्यामुळे त्याला हा हिशेब लागूच पडत नाही.

परदेशातून स्वतः हत्यार मागवणाऱ्याने वाहतूक खर्चासह एकूण मूल्यावर सीमाशुल्क, त्यावर वस्तू व सेवा कर आणि कुरिअरचे हाताळणी शुल्क हे सगळे धरूनच तुलना करावी. परदेशी कंपन्यांची आयुष्यभराची हमी ऐकायला चांगली वाटते, पण हत्यार भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेले नसेल, तर ती हमी येथे कोण पाळणार, हे खरेदीपूर्वीच विचारून घ्यावे. देशी हत्याराचे सुटे भाग, जसे पाइप पान्याचा जबडा, हातोड्याचा दांडा किंवा हॅक्सॉचा स्क्रू, तालुक्याच्या गावीही मिळतात. ही सोय फार मोठी आहे.

नक्कल ओळखण्यासाठी छपाईतली पुसट अक्षरे, नेहमीच्या भावापेक्षा फारच कमी सांगितलेली किंमत आणि बिल देण्याची टाळाटाळ, या तीन खुणा पुरेशा आहेत. नक्कल महागड्या परदेशी नावांचीच होते असे नाही. खपाच्या देशी पकडीचीही होते.

सातवी पायरी : खरेदीचा क्रम

सगळा संच एका दिवशी घेऊ नये. पहिल्या फेरीत देशी पक्कड, ८ ते १९ चे देशी पाने, दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर, हातोडी, मोजपट्टी आणि हॅक्सॉ घ्यावे. हॅक्सॉची चौकट कोणतीही साधी मजबूत चालेल, पाते मात्र दुहेरी धातूचे घ्यावे, कारण ते वाकले तरी तुटत नाही. दोन-तीन महिने या संचावर काम करावे आणि कोणते हत्यार आपल्याला अडवते, याची नोंद ठेवावी. फुलीचे स्क्रू खराब होत असतील, तर दुसऱ्या फेरीत जपानी ड्रायव्हर घ्यावेत. पाइपावर हात सटकत असेल, तर जर्मन प्लायर घ्यावा. काहीच अडत नसेल, तर परदेशी हत्यारासाठी ठेवलेले पैसे तसेच राहू द्यावेत.

नवे हत्यार परत करण्याची मुदत साधारण आठ-दहा दिवसांचीच असते, म्हणून ते आणल्याबरोबर खऱ्या कामावर घ्यावे. बिलाचा फोटो काढून ठेवावा, कारण दुकानातल्या यंत्रावर छापलेली अक्षरे वर्षभरात उडून जातात. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यांनी मृग लागण्यापूर्वी पाने आणि पकडी पुसून त्यांवर तेलाचा पातळ हात फिरवावा आणि पकडीच्या सांध्यात एक थेंब सोडावा. कानशी मात्र कोरड्याच ठेवाव्यात, कागदात एकेक गुंडाळून, एकमेकींवर दाते घासणार नाहीत अशा.